आधी गेन उतरव

चि. भाच्यास,


रेकॉर्डिंग ऐकलं. रिफ चोख वाजवतोस, लयही सुटत नाही. ब्लॅक सॅबथ या बँडचा तो आवाज मात्र लागत नाही, म्हणून आणखी एक डिस्टॉर्शन पेडल घ्यायचं मनात आहे म्हणतोस. पैसे खिशातच राहू देत. तुझ्या आवाजात काही कमी नाही, जास्तच झालंय.

1969 साली त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पहिल्या अल्बमसाठी स्टुडिओत गेला तेव्हा त्याच्याकडे होतं काय? गिब्सन एसजी गिटार, तिला पी-90 पिकअप, बर्मिंगहॅमच्याच लेनी कंपनीचा शंभर वॅटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आणि रेंजमास्टर नावाचा एक ट्रेबल बूस्टर. त्यातही एसजी त्याची दुसरी पसंती. आधी हातात स्ट्रॅटोकास्टर होती, तिचा पिकअप ऐनवेळी गेला.

खरी मेख त्या बूस्टरमध्ये आहे. जड आवाज हवा आणि वाढवायचं ट्रेबल, हे तुला उफराटं वाटेल. पण खर्ज भरपूर घेऊन सिग्नल अ‍ॅम्पमध्ये शिरला की डिस्टॉर्शनमध्ये सगळ्याचा लगदा होतो. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं तेच झालंय. रेंजमास्टर खर्जाला मागे ठेवतो आणि वरचा भाग पुढे ढकलतो. मग व्हॉल्व्ह कितीही तापले तरी पॉवर कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. आणि खालचं वजन? ते गीझर बटलरच्या बेसचं. पुष्कळदा तो आयोमीचीच रिफ खालून वाजवत असतो. दोघांनी मिळून केलेलं काम तू एकट्या गिटारकडून मागतो आहेस.

तेव्हा असं कर. गेन निम्म्यावर आण, बेस त्याहून खाली, मिड वर. एक पॉवर कॉर्ड वाजव आणि विरेपर्यंत हात लावू नकोस. दोन्ही स्वर शेवटपर्यंत वेगळे कळले तर जमलं. नुसती घरघर राहिली तर गेन अजून उतरव. शंभर वॅटचा अ‍ॅम्प तुमच्या सोसायटीत कोणी लावू देणार नाही, पण ट्रेबल बूस्टरचं पेडल आणि लहान व्हॉल्व्ह अ‍ॅम्प यांवर बरंच भागतं.

तारा तीन अर्धस्वर उतरवायची घाईही नको. त्यांचं ‘आयर्न मॅन’ हे गाणं नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये आहे. उतरवलेल्या तारा आल्या त्या 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ अल्बमपासून, आणि त्यामागे कारण होतं. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्राने आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. त्या टोप्यांतून तार नीट जाणवत नाही, जाड तार दाबताना दुखतं. म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा लावल्या आणि पुढे त्याही सैल केल्या. तुझी दहाही बोटं शाबूत आहेत. त्याची अडचण उसनी घेऊ नकोस.

सरावाला पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं घे. रिफमध्ये स्वर तीनच: षड्ज, तार षड्ज आणि मधला तीव्र मध्यम. आईकडून पेटी शिकलायस, तेव्हा हे सांगायला नको. तो तीव्र मध्यम घाईने सोडू नकोस, पुरता वाजू दे. तिथे बोट किती थरथरवायचं हे कुठलंही पेडल ठरवत नाही.

आता बेस वाजवणारा एखादा मित्र गाठ, दोघांनी मिळून वाजवा आणि ते रेकॉर्डिंग पाठव. पेडलचं त्यानंतर बोलू.

तुझा,
मामा