वेतन कोणाचे, निष्ठा कोणाशी?

ज्याचे अन्न खावे त्याला अप्रिय असे सत्य सांगावे काय, हा प्रश्न कौरवसभेपासून चालत आलेला आहे. व्यावसायिक पुरातत्त्वाने तो नव्याने उभा केला आहे. ज्याला इमारत बांधावयाची आहे त्यानेच जागेखालील प्राचीन अवशेषांच्या उत्खननाचा खर्च सोसावा, असे धोरण इंग्लंडात १९९० पासून रूढ झाले. त्यामुळे उत्खनन हा फी घेऊन करावयाचा व्यवसाय झाला आणि त्यातील संशोधनाची धुरा वाहण्यात काही विद्वानांचे आयुष्य जाऊ लागले. पैसा देणाऱ्यास जागा लवकर मोकळी हवी असते. संशोधकास मातीचा प्रत्येक थर सावकाश वाचावयाचा असतो. मग अशा विद्येवर विश्वास कसा ठेवावा?

आक्षेप निराधार नाही. पण पुरता खराही नाही. लंडनमध्ये ब्लूमबर्ग कंपनीच्या कचेरीसाठी २०१० ते २०१४ या काळात असे उत्खनन झाले. त्यात चारशेंहून अधिक रोमन लेखनपाट्या निघाल्या. त्यांतील एक पाटी म्हणजे इसवी सन ५७ मधील ८ जानेवारीचा, १०५ रोमन नाण्यांचा कर्जरोखा आहे. हे वाचन २०१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पैसा कंपनीचा होता, ज्ञान सर्वांचे झाले.

वकिलाला हे कोडे अपरिचित नाही. तो फी पक्षकाराकडून घेतो. तथापि न्यायालयाची दिशाभूल करण्याची मुभा त्या फीने मिळत नाही. संशोधकाचे न्यायालय म्हणजे भावी पिढी. खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. म्हणून त्याची नोंद दडवणे हे पुरावा नष्ट करण्यासारखेच होय. भीष्मांना बोल लागला तो अन्न खाल्ल्याबद्दल नव्हे, सभेत गप्प राहिल्याबद्दल.

गोव्यात साळावली धरणाच्या पाण्याखाली जाणारे कुर्डीचे महादेव मंदिर पुरातत्त्व खात्याने दगड दगड उतरवून दुसरीकडे उभारले. तेथे खर्च सरकारचा होता. आमच्या उचगाव-बेळगाव परिसरात जीर्णोद्धारासाठी पाया खणला जातो तेव्हा पैसा भाविकांचा असतो आणि घाईही आपलीच असते. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची वर्दी मागतो; फुटक्या खापराचे मोल रुपयांत होत नाही. म्हणून वर्गणीच्या अंदाजपत्रकातच जाणत्याकडून मोजमापे व छायाचित्रे करून घेण्याचा खर्च धरावा. ती नोंद ऐकीव स्थलमाहात्म्याशी जुळली नाही, तरी जशीच्या तशी जपावी. पैसे आपण दिले म्हणून ती आपल्या मनासारखी असावी, असा हक्क आपणांस पोहोचत नाही.