घोड्याचे भय आणि आपला मान



लग्नसराई आली की धुळ्यापासून भुसावळपर्यंत खानदेशात गावोगावी वराती निघतात. नवरदेव घोड्यावर बसतो, पुढे बँड वाजतो आणि चौकात फटाक्यांची माळ लावली जाते. जयंतीच्या मिरवणुकीतही कोठे कोठे घोडा असतो. त्या घोड्याच्या पायाशी सुतळी बाँब फुटतो तेव्हा त्या मुक्या जिवाचे काय होते, हा प्रश्न पंचशील घेतलेल्या आपण माणसांनी स्वतःला कधी विचारला आहे काय?

कोणी म्हणेल, "आमच्या माणसांवर अन्याय होतात त्यावर बोला, घोड्याचे काय घेऊन बसलात?" हा आक्षेप मी हलका मानीत नाही. आपल्या नवरदेवाने घोड्यावर बसू नये म्हणून या देशात दगड फेकले गेले आहेत, वराती अडवल्या गेल्या आहेत. राजस्थान, गुजरातकडून अशा बातम्या आजही येतात. वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवावा लागला. तेव्हा घोडा हे आपल्यासाठी नुसते वाहन नाही, ते माणुसकीच्या हक्काचे चिन्ह झाले आहे. हा हक्क आपण सोडू नये. पण प्रश्न पुढेच आहे. मान मिळवताना त्याचा भार कोणाच्या जिवावर टाकायचा?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावला सापडते. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून परमपूज्य बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे लाइनवरील एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनबाहेर टांगे पुष्कळ होते. पण अस्पृश्याचा टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. बाबासाहेबांनी पायी चालावे हे आपल्या लोकांना सहन होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. मग आपल्यातलाच एक जण, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती, तो पुढे बसला. नदीवरच्या फरशीपुलाच्या वळणावर घोडा उधळला. चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट पुलाखाली पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहिला आहे. उतारूच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, ही गोष्ट आपल्या माणसांच्या ध्यानात राहिली नाही, असे ते त्यात सांगतात.

वाचकहो, या प्रसंगात तीन जण आहेत. टांगेवाल्याला जातीचा खोटा मान जपायचा होता. आपल्या लोकांना बाबासाहेबांचा खरा मान जपायचा होता. तिसरा घोडा, त्याला कोणताच मान ठाऊक नव्हता, तरी तो पुलाखाली गेला. मान खोटा असो की खरा, त्यापायी जीव धोक्यात घातला तर फळ एकच येते.

घोडा उधळतो तो खोडसाळपणाने नव्हे. रानात तो शिकार होणारा प्राणी. पळण्यावरच त्याची जात टिकली. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाजही त्याला ऐकू येतात. तो तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, केवळ नाकाने घेतो. म्हणून दारूचा धूर त्याला आपल्यापेक्षा जास्त जाचतो. अशा प्राण्याला आपण लगामाने जखडतो, पाठीवर माणूस बसवतो, चारी बाजूंनी गर्दी करतो आणि शेजारी बाँब लावतो. पळायला वाट नसते म्हणून तो जागच्या जागी टापा आपटतो. आणि आपण म्हणतो, "पाहा, घोडा कसा नाचतो!"

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ सांगताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. तो येथे लावून पाहा. शेतकऱ्याला बैल जुंपावा लागतो, त्यात गरज आहे. वरातीतल्या घोड्याला भेदरवण्यात कोणाची कोणती गरज आहे? कोणाचे पोट त्यावर भरते? उलट, घोडा बुजला तर लाथ बसते ती मागे नाचणाऱ्या पोराला, फरफटतो तो लगाम धरणारा गरीब घोडेवाला. पहिले शील म्हणजे नुसते सुरी न चालवणे नव्हे. दंडाला सगळेच भितात, तेव्हा दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा, ही धम्मपदाची शिकवण आहे. भयाची भाषा आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या ती जगल्या आहेत.

तेव्हा आचरण काय असावे? घोडा ठरवतानाच घोडेवाल्याशी बोला. त्याचा घोडा गर्दीला सरावलेला आहे काय, विचारा. घोडा असेल तेथे फटाका नाही, हे घरच्या व मित्रमंडळींना आधीच सांगा. लगामापाशी घोड्याच्या ओळखीचाच माणूस असू द्या. १९२९ चा धडा हाच आहे. नवरदेवापुढे लहान मूल बसवू नका. घोड्याच्या मागे गर्दी नको, पुढे वाट मोकळी हवी. तो कान टवकारून फुरफुरू लागला की बँड थांबवा, नवरदेवाला उतरवा, घोड्याशी हळू बोलत त्याला बाजूला न्या. चाबूक मारू नका; भय मारून जात नाही, वाढते. दोरी हाताला गुंडाळू नका.

ज्यांच्या घरी घोडा आहे त्यांनी दिवाळीत अंधार पडण्यापूर्वीच त्याला ओळखीच्या जागी आणावे. खिळे, तारा काढाव्यात. दिवा लावून ठेवावा, म्हणजे बाहेरचा लखलखाट कमी जाणवतो. पुढे चारा-पाणी असावे, सोबतीचे जनावर जवळ असावे, घरचे कोणीतरी पाशी बसावे. कडब्याच्या गंजीजवळ ठिणगी येऊ देऊ नये. घोडा फारच भित्रा असेल तर आठवडाभर आधी गुरांच्या डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने भांग-दारू पाजू नये. सकाळी पाय, डोळे तपासावेत. रात्री १० ते सकाळी ६ फटाके वाजवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली आहे, हेही शेजाऱ्यांना सांगावे.

कोणी विचारील, "दुसरे सगळे वाजवतात, शील आम्हीच का पाळावे?" कारण ते आपण घेतले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखोंनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. शेजाऱ्याने मोडली म्हणून ती आपल्यावरून उतरत नाही.

सिद्धार्थाने गृहत्याग केला तेव्हा निरोपाच्या वेळी कंथक घोडा रडला, आणि सिद्धार्थाने त्याच्या अंगावरून हात फिरवून मित्राशी बोलावे तसे बोलून त्याला शांत केले, असे अश्वघोषाने 'बुद्धचरिता'त वर्णिले आहे. राज्य सोडून निघालेल्या माणसालाही घोड्याचे भय दूर करायला वेळ होता. आपल्या नवरदेवाने खुशाल घोड्यावर बसावे, ताठ मानेने बसावे. पण उतरल्यावर त्या घोड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवावा. त्या मानेला दरदरून घाम फुटलेला नसेल, तर ती वरात धम्माची झाली असे समजावे.

जयभीम! नमो बुद्धाय!