सोपाऱ्याचा आठवा लेख

आमच्या आईला नुसतं हिंडायला जाणं मान्यच नव्हतं. टिटवाळा चालायचं, वज्रेश्वरी चालायची, विरारची जीवदानी तर ठरलेलीच. पण "झाडं बघायला जातेय" म्हटलं की लगेच, "का, दहिसरला झाडं नाहीत?" देवाचं निमित्त नसेल तर तिकिटाचे पैसे वाया गेले, असा तिचा हिशोब. आईचं कशाला, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीतही एखादं देऊळ घुसवल्याशिवाय निम्मी नावं येत नाहीत.

निसर्ग बघायला जाणं ही नुसती चैन, की त्यातही काही धर्म आहे? वाद जुना आहे, आणि त्यातला एक पक्ष दहिसरपासून पाच स्टेशनांवर दगडात कोरलेला सापडला. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच गवसला. तुकडा आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे, पूर्ण मजकूर गिरनारसारख्या ठिकाणांमुळे कळतो. राजा म्हणतो, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार करत, मौज करत. मी अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो, आणि धर्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत काय करायचं? ब्राह्मण-श्रमणांना भेटायचं, दान द्यायचं. म्हाताऱ्यांना भेटायचं, त्यांना सोनं द्यायचं. खेड्यापाड्यांतली माणसं बघायची, त्यांच्याशी धर्माच्या गोष्टी बोलायच्या. तीर्थ एकच, बाकी सगळी माणसं! आणि शेवटी तो सांगतो की यात जास्त आनंद मिळतो. आनंदाला त्याने गुन्हेगार ठरवलं नाही, हे मला फार पटतं. आईला मात्र हा राजा अर्धाच पटला असता.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी सकाळची विरार गाडी धरली. भाईंदर सुटलं तशी शेजारची बाई पिशवी घेऊन दारात गेली. खाडीचा पूल लागताच झेंडूचे हार, दूर्वा, एक नारळ, वर ती प्लास्टिकची पिशवीही, सगळं खाली. मग दोन्ही हात जोडले. खाली पाणजू बेट आहे, तिथली माणसं या पुलावरून चालत ये-जा करतात, गाडीतून फेकलेल्या नारळांनी जखमी होतात. मी एवढंच म्हटलं, "खाली माणसं असतात हो." ती म्हणाली, "पाण्यातच टाकलं ना!" तिच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण त्या यात्रेत माणूसच दिसत नसेल, तर अशोकाच्या मापाने ती विहारयात्राच.

नालासोपाऱ्याला उतरून स्तूपापाशी गेले. त्याला गाववाले बुरूड राजाचा कोट म्हणतात. विटांचा ढिगारा, भोवती झाडं. इथल्या दगडी पेटीतून तांब्याचा करंडक आणि आठ बुद्धमूर्ती निघाल्या होत्या. आज तिथे पाहायचं फार काही नाही. मी पुढे आगाशीच्या रस्त्याला लागले.

एका वाडीच्या तोंडाशी म्हातारी बाई सुकेळी विकत होती. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवलेली, वाळक्या पानात घट्ट बांधलेली. मधाच्या रंगाची, जराशी चिकट. बाजूला पानवेलीची गार सावली. विहिरीचं विचारलं, तर म्हणाली, "मचूळ झालीय. टँकरवाल्यांनी उपसून उपसून खाडी आत आणली."

शिलालेखात राजाचा दौरा आहे, लोकांनी त्याला उलट काय विचारलं ते नाही. या बाईने विचारलं, "तुमच्या दहिसरला पाणी कुठून येतं?"

"तानसा, वैतरणा, भातसा," मी म्हटलं.

"म्हणजे आमच्याच बाजूचं," ती म्हणाली आणि सुकेळीची दुसरी जुडी पुढे केली. भाव न करता मी ती घेतली.