लेकराच्या गळ्यास गुण किती?

खांडबारा हे नवापूर तालुक्यातील, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गाव. भोवताली गावित, कोकणी, भिल्ल मंडळींचे पाडे. तेथे सप्ताहात दुपारी मुलांची अभंगगायनाची चढाओढ ठेवली होती व परीक्षक म्हणून आम्हांस बसविले. पुढ्यात कागद, त्यावर सूर, ताल, उच्चार, भाव असे चार रकाने.

दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. घरची बोली मावची. पेटीवाल्याने मोठ्या माणसाची पट्टी धरली होती, ती त्या कोवळ्या गळ्याला सोसेना. तरी पठ्ठ्याने ताल सोडला नाही. पण आम्ही पडलो पाठशाळेत घासलेले! ऱ्हस्व-दीर्घ चुकले की आमचा कान दुखतो. उच्चाराच्या रकान्यात दहांपैकी दोन लिहून मोकळे झालो. निकाल वाचला गेला, मुलगा सर्वांत शेवटी.

दुसऱ्या पहाटे काकड्याला टाळकऱ्यांत त्याची जागा रिकामी. आजीला विचारले, तर ती म्हणाली, "बुवा, तुम्हीच कागदावर लिवलं ना, याला येत नाही म्हणून? आता तो टाळच धरत नाही."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

मग परीक्षाच नकोत काय? तसेही म्हणवत नाही. कीर्तनकार दिगंबरबुवांचे चिरंजीव विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गाणे घराण्यांच्या उंबरठ्याआड होते. क्रमवार अभ्यास व परीक्षा आल्या, म्हणून ते सामान्याच्या लेकरापर्यंत पोचले. १९३१ साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत आज प्रारंभिकापासून विशारदापर्यंत सात पायऱ्या आहेत. दुसरे विष्णुबुवा आपले जोग महाराज. त्यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. तेथेही चार वर्षांचा अभ्यासक्रम आहेच. मृदंगी समेवर चुकला तर कीर्तन पांगळे होते. ते त्याला न सांगणे ही दया नव्हे, फसवणूक होय.

शास्त्राने सत्य व प्रिय दोन्ही बोलावयास सांगितले. तरुणपणी आम्हांस वाटे, प्रिय म्हणजे सत्यावर थोडी साखर. तसे नसावे. ताल चुकला हे सत्य. तुला येत नाही हे सत्य नव्हेच, कारण ते उद्याविषयीचे बोलणे आहे, आणि उद्याचे आम्हांस काय ठाऊक? पण मुलाला हा भेद कागदावरून कसा कळावा? आकडा त्या दिवसाच्या गाण्याला दिलेला असतो, लेकरू तो स्वतःला लावून घेते. अलीकडे दहावीच्या निकालातही संगीतपरीक्षांचे वाढीव गुण धरतात, त्यामुळे आईबापांचेही डोळे आकड्यावरच. त्यांना दोष देत नाही. गरिबाच्या पोराला चार गुणही उपयोगी पडतात.

आणि तो भावाचा रकाना! त्यात आम्ही काय मोजले, देव जाणे. गाताना डोळे मिटणाऱ्यास आठ, उघडे ठेवणाऱ्यास पाच, असेच काहीसे झाले असावे. तो रकाना आता आम्ही लिहीत नाही. संयोजक रागावतात, रागावोत.

खरे पाहता त्या दिवशी परीक्षेला आम्हीच बसलो होतो. "बाळ, तुझी पट्टी कोणती?" एवढे विचारले नाही. शिकलेल्या परीक्षकाने पहिली गोष्ट विचारावयाची ती हीच. जी बोली त्याने आईपासून घेतली, तिचा दंड त्याला. आणि आमचा कान एकाच वळणाचा, त्याचा दंड कोणास?

काल्याच्या आदल्या रात्री आजीकडे गेलो. मुलगा दाराआड उभा होता. "पट्टी चुकीची दिली, चूक आमची. उच्चार मात्र सुधारायचे आहेत, आणि ते आम्ही बसून शिकवू," असे म्हणालो. तो काहीच बोलला नाही.

सकाळी आला. गायला नाही; मागच्या ओळीत उभा राहून टाळ तेवढा घेतला.