पाच चिठ्ठ्या

खुर्ची ओढ आणि या पाच चिठ्ठ्या वाच. मोठ्यानं, चौथीत वाचायचास तशा.

जून, ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी. मुलगी एकच, आठ वर्षांची. अक्षर तुझं. पाचही वेळा 'सर्दी-खोकला', पाचही वेळा खोकल्याचं पातळ औषध नि अँटिबायोटिक. ताप नाही हेही तूच लिहिलंयस, मग अँटिबायोटिक कशासाठी रे? मागची चिठ्ठी मागितलीस एकदा तरी?

रात्री खोकते का, हे विचारलं नाहीस. पहाटे तीनला तिची आई तिला भिंतीला टेकवून बसवते. दिवाळीत निपाणीला मामाकडे गेली, घर तंबाखूच्या वखारीला लागून. तिथून आली ती धापा टाकतच. नोव्हेंबरची चिठ्ठी त्याची आहे. आणि कडोलीच्या साहित्य संमेलनाच्या दिंडीत लेझीम टाकून ती कट्ट्यावर बसली, तेव्हा तिच्या छातीतली शिट्टी मला ऐकू आली. माझ्या म्हाताऱ्या कानांना!

"तपासलं तेव्हा छाती साफ होती," म्हणू नकोस. दम्याच्या पोराची छाती दिवसा पुष्कळदा साफच असते. हा आजार एका भेटीत सापडत नाही, पाच चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की सापडतो. वजन घटतंय, ताप रेंगाळतोय, तर क्षय शोध. तिला तसलं काही नाही.

आईला 'दमा' शब्द नको वाटतो, उद्या लग्नाचं कसं होणार म्हणते. म्हणून तूही तो गिळलास? नाव न मिळालेल्या दुखण्यासाठी ती येत्या मृगाला पोरीला हैदराबादला नेऊन जिवंत मासा गिळवणार आहे. पंपाची सवय लागते, असंही कुणी तिच्या कानात भरलंय. तिला समोर बसवून सांग: पंपातलं औषध थेट श्वासनळ्यांत जातं, म्हणून अगदी थोडं पुरतं. एक पंप धाप लागल्यावर मोकळं करतो, दुसरा रोज घेतला तर आतली सूज उतरवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत दोन्ही आहेत. स्पेसर लावून कसं ओढायचं ते स्वतः दाखव, कंपाउंडरवर सोडू नकोस.

उद्या नऊला तिला घेऊन येते. पीक फ्लो मीटर काढून ठेव. आधी फुंकायला लाव, मग पंप दे, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लाव. दोन्ही आकडे या पाचव्या चिठ्ठीमागे लिही, तारीख घालून.