पदयात्रिकाची शिदोरी आणि उद्याचा भरवसा

लांब पल्ल्याच्या पदयात्रेला निघताना पाठीवर किती दिवसांचे अन्न घ्यावे, हा वरवर पाहता वजनाचा आणि पैशाचा हिशेब असतो. पण उद्यावर किती विसंबावे आणि आपल्या जेवणाचा भार कोणी वाहावा, हे दोन प्रश्न त्याच हिशेबात येतात. धर्मग्रंथांनी या प्रश्नांचा विचार फार बारकाईने केला आहे. आजच्या काळात त्यांना तोंड देतो तो स्वस्त दुकानातून शिदोरी भरणारा पदयात्रिक.

अमेरिकेतील ॲपलाचियन ट्रेल ही पायवाट जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर डोंगरापासून मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर जाते. ती सलग चालायला साधारण पाच ते सात महिने लागतात. चालणाऱ्या माणसाला दिवसाला पाऊण किलोच्या आसपास कोरडे अन्न लागते, म्हणजे सगळ्या वाटेचे अन्न पाठीवर घेणे अशक्यच. म्हणून तीन ते पाच दिवसांची शिदोरी घ्यायची, ती संपत आली की वाट सोडून जवळच्या गावात उतरायचे आणि पिशवी पुन्हा भरायची, असा क्रम रूढ झाला आहे. गिर्यारोहणाच्या दुकानांत गोठवून सुकवलेले तयार जेवण मिळते. पाकिटात उकळते पाणी ओतले की काम झाले. मात्र अशा एका पाकिटाला बहुधा दहा डॉलरांहून अधिक पडतात. रोज दोन पाकिटे धरली तर सहा महिन्यांत होणारा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जातो. मग पावले वळतात गावातल्या सवलतीच्या दुकानाकडे.

वाटेवरच्या अनेक छोट्या गावांत हे दुकान डॉलर जनरल या साखळीचे असते. या साखळीने १९५५ मध्ये केंटकी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे पहिले दुकान उघडले, तेव्हा त्यातली कोणतीही वस्तू एक डॉलरपेक्षा महाग नव्हती. पदयात्रिक तिथे काय घेतो हे पाहण्यासारखे असते. झटपट नूडल्स, पाणी घालून कालवायची बटाट्याची पूड, ओटच्या पुड्या, शेंगदाण्याचे लोणी, मैद्याच्या पातळ पोळ्या, टूना माशाचे पाकीट, चॉकलेटच्या कांड्या. प्रत्येक पाकीट तो उलटे करतो आणि बारीक अक्षरांतले आकडे वाचतो. एका ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ कॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थातून चारच. म्हणून शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी जड असली तरी घेतली जाते. बाहेर आल्यावर दुकानाच्या पायरीवर बसून तो खोकी फाडतो, नूडल्सचे तुकडे करून ते एका प्लास्टिकच्या पिशवीत भरतो, पुठ्ठा कचऱ्यात टाकतो आणि ओझे पुन्हा हाताने तोलून पाहतो. या वाटेवर एक समजूत आहे: ज्याला ज्याची भीती, त्याचे सामान त्याच्या पाठीवर जास्त. थंडीला भिणारा कपडे वाढवतो, भुकेला भिणारा अन्न.

त्याच १९५५ साली ६७ वर्षांच्या एमा गेटवुड यांनी ही वाट एकटीने पूर्ण केली. घरी शिवलेली एक कापडी पिशवी खांद्यावर, तीत मनुका, सुका मेवा, सुकवलेले मांस आणि डबाबंद अन्न. बाकी भिस्त वाटेत भेटणाऱ्या घरांवर. त्यांच्या चालण्याचे कौतुक खूप झाले, पण त्यांच्या पिशवीच्या हलकेपणामागे अनेक अनोळखी स्वयंपाकघरे होती याचा उल्लेख त्या मानाने कमीच होतो.

साठा करू नये, या बाजूचे विचार जुने आणि कठोर आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थ ब्राह्मणाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: कोठारभर धान्य असलेला, रांजणभर असलेला, तीन दिवसांपुरते असलेला आणि उद्यापुरतेही नसलेला. यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ. जैनांच्या दशवैकालिक सूत्रात मीठ, तेल, तूप, गूळ यांचा साठा करण्याची इच्छासुद्धा साधूला वर्ज्य आहे. अशी इच्छा धरणारा साधू नव्हे, गृहस्थच, असा तेथे स्पष्ट निवाडा आहे. ज्यूंच्या निर्गम ग्रंथात रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना रोज सकाळी आकाशातून मान्ना हा खाद्यपदार्थ मिळतो. प्रत्येकाने दिवसापुरता गोळा करावा. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती, कारण सातवा दिवस विश्रांतीचा. म्हणजे इतक्या कडक नियमातही सुट्टीच्या दिवसाची तरतूद आधी करून ठेवावी लागलीच.

या विचारांत खोल सत्य आहे. साठा वाढला की राखण वाढते, आणि राखण करणाऱ्याचे लक्ष वाटेवरून पाठीवरच्या ओझ्याकडे जाते. पण साठा नाकारणाऱ्याची भूक नाकारली जात नाही. ती कोणाच्या तरी दारात उभी राहते, आणि ते दार कोणाचे, हे फारसे विचारले जात नाही.

ज्यांनी ते विचारले, त्यांत बौद्ध विनयपिटकाची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. राजगृहाहून पश्चिमेकडे एक तांडा निघायच्या तयारीत होता. एक भिक्खू भिक्षेला आला, तेव्हा तांड्यातल्या एका उपासकाने त्याला सातू दिले. भिक्खूने बाहेर जाऊन दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि एकामागून एक सगळे सातू घेऊन गेले. उपासकाची प्रवासाची शिदोरी संपली. त्याने सोबत्यांना दिवसभर थांबायची विनंती केली. तांडा सज्ज होता, थांबणे शक्य नव्हते. नवे सातू तयार करून तो एकटाच मागून निघाला आणि वाटेत चोरांनी त्याला लुटले. लोक चिडले: घेण्याचे प्रमाण या श्रमणांना कळत नाही का? त्यावर नियम झाला. प्रवासासाठी किंवा भेट पाठवण्यासाठी केलेल्या पदार्थांतून भिक्खूने दोन किंवा तीन पात्रेच घ्यावीत, परत जाऊन ती इतर भिक्खूंत वाटावीत, आणि त्या घरून आपण घेतले आहे हे त्यांना सांगावे. यातल्या भिक्खूंपैकी लोभी कोणीच नव्हता. प्रत्येकाने एकाच माणसापुरते घेतले होते. चूक बेरजेत होती, आणि त्या बेरजेची झळ लागली ती देणाऱ्याला.

त्याच विनयात दुसरा प्रसंग मेंडक नावाच्या धनिकाचा आहे. काही वाटा ओसाड आहेत, तिथे पाणी आणि अन्न सहज मिळत नाही, शिदोरीवाचून जाणे कठीण, असे त्याने बुद्धांना सांगितले. बुद्धांनी भिक्खूंना प्रवासाची शिदोरी मिळवण्याची परवानगी दिली: ज्याला तांदूळ हवेत त्याला तांदूळ, मूग हवेत त्याला मूग, तसेच उडीद, मीठ, गूळ, तेल, तूप. एरवी अन्न साठवून दुसऱ्या दिवशी खाणे ज्यांना मना होते, त्यांच्यासाठी ही यादी आहे. वाट बदलली तेव्हा नियमही बदलला.

इस्लामने हीच गोष्ट हजच्या संदर्भात अधिक रोखठोक सांगितली. हदीसमध्ये अशी नोंद आहे की येमेनचे काही लोक शिदोरी न घेता हजला येत. आम्ही अल्लाहवर भरवसा ठेवणारे, असे म्हणत. आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरत. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात शिदोरी घेण्याची जी आज्ञा आहे, तिचा संबंध या प्रसंगाशी जोडला जातो. तिथेच पुढे ईश्वराचे भान हीच सर्वोत्तम शिदोरी, असेही सांगितले आहे. पण पहिली आज्ञा त्यामुळे रद्द होत नाही. येशूच्या शुभवर्तमानात दोन्ही टोके आढळतात. शिष्यांना प्रथम पाठवताना भाकर नको, झोळी नको, कमरेला पैसा नको. आणि शेवटच्या रात्री, संकट समोर असताना, ज्याच्याकडे थैली व झोळी आहे त्याने ती घ्यावी, असे उलट सांगणे. स्वागत करणारी घरे असतात तेव्हाची आज्ञा वेगळी, ती नसतात तेव्हाची वेगळी.

रिकाम्या हातांनी चालता येते ते अशा घरांच्या जोरावरच. नर्मदा परिक्रमा हे त्याचे ठळक उदाहरण. अमरकंटकला उगम पावणाऱ्या तेराशे किलोमीटरच्या या नदीला उजव्या हाताशी ठेवून दोन्ही काठांनी चालायचे, पैसा शक्यतो जवळ बाळगायचा नाही, साठा करायचा नाही, असा परंपरेचा आदर्श आहे. तो पाळता येतो कारण काठाकाठाने सदावर्ते आहेत: पीठ, डाळ, मीठ मिळते, यात्रिक तीन दगडांची चूल मांडून जाड टिक्कड भाजतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोकळ्या झोळीने निघतो. अहिल्याबाई होळकरांनी घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांना जे दान दिले, ते अशाच चालणाऱ्यांच्या अपरिग्रहाला आधार देणारे होते. वाटेतल्या शूलपाणीच्या झाडीत मात्र ही व्यवस्था संपे. परिक्रमेच्या जुन्या वर्णनांत तिथे यात्रिकाचे सगळे लुटले जाई आणि लंगोटी तेवढी उरे. याला नदीने घेतलेली परीक्षा म्हटले जाते. यात्रिकाच्या बाजूने ते खरे असेल. पण त्या डोंगरांत राहणाऱ्यांच्या घरी साठा फार थोडा असे, आणि त्यांच्या समोरून भरलेली झोळी जात असे, हेही त्या वर्णनांच्या वाचकाने विसरू नये. पंढरीच्या वारीत याच प्रश्नाला सामुदायिक उत्तर आहे: दिंडीचा शिधा वाहनातून सोबत चालतो, त्यात वारकऱ्यांची वर्गणी असते, आणि त्यावर गावोगावचे अन्नदान.

ॲपलाचियन डोंगरांत सदावर्त नाही. त्याची जागा स्वस्त दुकानाने घेतली आहे, आणि भिक्षेची जागा पैशाने. हा बदल पदयात्रिकाच्या बाजूने प्रामाणिक आहे. जो स्वतःच्या पैशाने नूडल्स घेतो, तो कोणाच्या चुलीवर ओझे टाकत नाही. कुराणाच्या कसोटीला तो उतरतो. विनयाची कसोटी अधिक अवघड. वसंतात चालणाऱ्यांची लाट उत्तरेकडे सरकत असते आणि एकाच आठवड्यात अनेक जण एकाच छोट्या गावात उतरू शकतात. प्रत्येक जण पाच दिवसांपुरतेच घेतो. पण गावात दुकान ते एकच असेल, तर फळीवरून संपलेले टूनाचे पाकीट तिथल्या एखाद्या म्हातारीच्या आठवड्याच्या यादीतलेही असू शकते. तिच्याकडे पुढच्या गावी जायला वाहन असेलच असे नाही. तांड्यातल्या उपासकासारखीच तिची गत होते, आणि यातही लोभी कोणी नसतो.

स्वस्ताईचाही विचार इथेच करावा लागतो. अमेरिकन लेखक थोरोने वॉल्डन तळ्याकाठच्या वास्तव्यात आठ महिन्यांच्या अन्नाचा खर्च ८ डॉलर ७४ सेंट मांडला. मक्याचे व राय धान्याचे पीठ, तांदूळ, काकवी, मीठ, थोडे मांस. भारतीय तत्त्वज्ञानावर आपले प्रेम असल्याने आपण मुख्यतः भात खावा हे योग्यच, असेही त्याने लिहिले आहे. साधे अन्न माणसाला मोकळे करते, हा त्याचा अनुभव खराच होता. पण त्याच्या खूप आधी रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने आपल्या अठराव्या पत्रात एक गोष्ट अधिक नेमकी सांगितली आहे. श्रीमंताने अधूनमधून काही दिवस अगदी थोड्या आणि स्वस्त अन्नावर काढावेत, असा सल्ला देऊन तो लगेच बजावतो की यात फार मोठे काही केले असे मानू नये. हजारो गुलाम आणि हजारो गरीब हेच रोज करतात. फरक इतकाच की आपल्यावर सक्ती नाही.

हा फरक स्वस्त दुकानाच्या फळीवर अगदी जवळून दिसतो. तिथे माल बहुधा छोट्या पाकिटांत असतो. पदयात्रिकाला ते सोयीचे, कारण छोटे म्हणजे हलके. शेजारी उभ्या असलेल्या गावातल्या गिऱ्हाइकाला ते घ्यावे लागते, कारण मोठ्या पाकिटाचे पैसे आज हातात नाहीत. आणि वजनाच्या हिशेबाने छोटे पाकीट अनेकदा महागच पडते. दोघे एकाच किमतीची एकच वस्तू घेतात. एकाचा तो अपरिग्रह, दुसऱ्याची ती टंचाई. महाराष्ट्रातही रोजंदारीवरचे कुटुंब संध्याकाळी वाण्याकडून त्या दिवसापुरतेच तेल आणि साखर आणते. मनूच्या चौथ्या पायरीवर, उद्यापुरतेही काही नसलेल्या स्थितीत, ते रोज उभे असते. त्याला कोणी श्रेष्ठ म्हणत नाही. अपरिग्रह हे व्रत आहे, आणि ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही आहे त्यालाच ते घेता येते. अशी स्वस्त दुकाने वाढल्याने ताजी भाजी विकणारे किराणा दुकान टिकत नाही, अशी तक्रार अमेरिकेत होत आली आहे. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहराने २०१८ मध्ये काही भागांत अशा नव्या दुकानांवर मर्यादाही घातली. पदयात्रिक दोन-चार महिन्यांनी घरी जाऊन ताजी भाजी खातो. फळीसमोरचा दुसरा माणूस तिथेच राहतो.

म्हणून स्वस्त शिदोरी घेण्यात गैर काही नाही, पण तिला तप म्हणणे चुकीचे आहे. तिचे खरे मोल व्यवहारातल्या छोट्या निवडींत ठरते: मोठे गाव येणार असेल तर पिशवी तिथे भरावी, एकुलत्या दुकानातली फळी रिकामी करू नये, पुढे येणाऱ्यांना सांगावे की अमुक गावात माल कमी आहे. विनयाचा तिसरा भाग, म्हणजे आपण घेतले आहे हे इतरांना सांगणे, आजही जसाच्या तसा लागू पडतो.

उरलेल्या अन्नाची सोय या वाटेवर चालणाऱ्यांनी आपापसांत लावली आहे. मुक्कामाच्या वसतिगृहांत एक खोके ठेवलेले असते. ज्याच्याकडे जास्त झाले तो त्यात ठेवतो: ओटच्या चार पुड्या, नको झालेली नूडल्स, अर्धी बरणी. ज्याला कमी पडले तो घेतो. नोंद नाही, पैसे नाहीत. दोन दिवसांच्या चालीनंतर ज्याला कळते की आपण भीतीपोटी जास्त घेतले, तो तिथे ते ओझे उतरवतो, आणि ज्याच्याकडे दुकानापुरते पैसे नाहीत, तो त्यातूनच पुढच्या गावापर्यंतची शिदोरी बांधतो.