सुट्टी होण्यापूर्वीची तारीख

गेल्या १७ सप्टेंबरला मराठवाड्यातील एका शाळेच्या पटांगणात, फक्कीने आखलेल्या रेघांवर मुले रांगेने उभी असताना, चौथीतल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, देश तर पंधरा ऑगस्टलाच सुटला ना? मग आज पुन्हा झेंडा कशाला?" गुरुजी सज्जन होते, पण एका हातात ध्वजाची दोरी आणि दुसऱ्यात गोळ्यांची पिशवी, "वरून परिपत्रक आलंय, बाळ," एवढेच ते म्हणाले.

राष्ट्रीय सणांचा अर्थ परिपत्रकाने पोचविण्याची ही रीत स्वराज्याची नव्हे, ती साम्राज्याची. १८९७ च्या जूनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव सरकारी हुकमाने साजरा झाला, शाळांतून मिठाई वाटली गेली, आणि त्याच २२ तारखेच्या रात्री, प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमाने पोळलेल्या पुण्यात, गणेशखिंडीच्या समारंभाहून परतणाऱ्या रँड या प्लेग-अधिकाऱ्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. मिठाईने किती निष्ठा उत्पन्न झाली, याची नोंद सरकारी दफ्तरात कोणत्या सदराखाली झाली असेल कोण जाणे!

राष्ट्रीय सणाच्या कल्पनेला खरी कलाटणी मिळाली ती २६ जानेवारी १९३० ला. लाहोरच्या काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचे ध्येय स्वीकारल्यानंतरचा तो एक रविवार. गावोगाव सभा भरल्या, त्यांत खाऊ नव्हता, वक्तृत्वाचा सोसही नव्हता. प्रतिज्ञा वाचायची आणि ती घ्यायची, इतकेच. ज्याला त्या प्रतिज्ञेपायी नोकरी, वतन किंवा शाळेतले नाव गमवावे लागण्याचा संभव होता, त्याला त्या दिवसाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नसे. पुढे २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकृत झाली, तरी तिची बहुतेक कलमे, केवळ २६ जानेवारीची तारीख साधावी म्हणून, दोन महिने थोपवून धरण्यात आली. आम्ही शाळेत 'घटना अमलात आली' एवढे घोकले. त्या थांबण्यामागचे कारण मला कळले ते शाळा सुटून कितीतरी वर्षांनी.

त्या मुलाचा प्रश्नही अशाच एका थांबण्याविषयीचा होता. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्ली, मुंबई, पुणे दिव्यांनी उजळली असताना निजामाच्या राज्यात, म्हणजे मराठवाड्यातही, तिरंगा उभारणे हाच गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली झगडत आणि निजामाच्या पाठीराख्या रझाकारांचा धाक सोसत या मुलुखाने आणखी तेरा महिने काढले, तेव्हा कोठे १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. म्हातारी माणसे आजही या प्रसंगाला 'पोलिस ॲक्शन' म्हणतात; तो शब्द त्या मुलाच्या ओसरीवर निश्चित उच्चारला गेला असेल, फक्त त्याचा आणि झेंड्याचा संबंध कोणी जोडून दिला नाही.

ती आठवण असलेली माणसे आता गावोगाव मोजकीच उरली आहेत. येत्या १७ सप्टेंबरला, गुरुजी, त्यांतल्या एखाद्या आजोबांना पटांगणात खुर्ची टाकून बसवा. गोळ्या मागाहून वाटता येतील.